सोन्याच्या गावातले गाणे आणि मेरी ॲन क्रॅबट्रीचा हिशेब

कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली या जुन्या खाणगावात मिल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या दोन घरांची नोंद राज्याच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत लागोपाठच्या क्रमांकांनी झालेली आहे. २९२ क्रमांकाचे स्थळ म्हणजे लोला माँटेझ हिचे घर आणि २९३ क्रमांकाचे म्हणजे लॉटा क्रॅबट्री हिचे. पहिली युरोपभर गाजलेली नर्तकी होती, तर दुसरी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या सर्वांत लोकप्रिय आणि सर्वाधिक कमाई करणाऱ्या नटींपैकी एक. लॉटा त्या घरात राहत होती तेव्हा ती पाच-सहा वर्षांची मुलगी होती, आणि ते घर म्हणजे खाणकामगारांसाठी चालवलेली राहण्या-जेवणाची खाणावळ होती. ती खाणावळ चालवणाऱ्या बाईचे, म्हणजे लॉटाच्या आईचे नाव मेरी ॲन. सोन्याच्या मुलखातील संगीताचा इतिहास सांगताना लोलाच्या वादळी आयुष्याला आणि लॉटाच्या कीर्तीला भरपूर जागा मिळते, मात्र ज्या बाईने खाणवस्त्यांतील गाण्या-नाचण्याला धंद्याची शिस्त लावली तिचा उल्लेख बहुधा ‘कडक आई’ एवढ्यावर आटोपतो. मला हे अपुरे वाटते. एका खाणगावात संगीत कसे रुजते, त्याचे पैसे कोण देते, ते कोणाच्या कष्टावर उभे राहते, हे समजून घ्यायचे असेल तर मेरी ॲनच्या कामाकडेच पाहावे लागते.

आधी गावाची पार्श्वभूमी. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटर याच्या लाकूडगिरणीच्या पाण्याच्या चरात जेम्स मार्शल याला सोन्याचे कण दिसले, आणि पुढच्या वर्षभरात जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे कॅलिफोर्नियाकडे धावली. येणाऱ्यांत बहुतेक सगळे तरुण पुरुष होते. १८५० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातील स्त्रियांचे प्रमाण शंभरात आठांहूनही कमी भरले, आणि डोंगरातील खाणवस्त्यांत तर ते आणखी खाली होते. ज्या निसेनान आदिवासींची ही भूमी होती त्यांची या लोंढ्यात वाताहत झाली, आणि परदेशी खाणकामगारांवर त्याच वर्षी महिना वीस डॉलरचा कर बसवून मेक्सिकन व इतर लोकांना हुसकावण्याची सोय करण्यात आली. खाणगावातील संगीताचे कौतुक करताना ते संगीत कोणत्या जमिनीवर वाजत होते, हे विसरता येत नाही.

सोने काढण्याच्या दोन मुख्य रीती होत्या, आणि संगीताच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या रीतीत नदीच्या पात्रातील वाळू आणि गाळ पाण्याने धुऊन त्यातले जड कण वेगळे करीत. यासाठी फावडे, परात आणि पाणी एवढे भांडवल पुरे होई, त्यामुळे अशा वस्त्या एका हंगामात उभ्या राहत आणि सोने संपले की तितक्याच लवकर ओस पडत. दुसऱ्या रीतीत सोने खडकातील गारगोटीच्या शिरांमध्ये अडकलेले असे. तो खडक फोडून वर काढायचा, वाफेवर किंवा पाण्यावर चालणाऱ्या लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटायचा आणि मग त्यातले सोने पाऱ्याच्या मदतीने वेगळे करायचे, अशी ती लांबलचक प्रक्रिया होती. ग्रास व्हॅलीत १८५० मध्ये असे गारगोटीतले सोने सापडले. अशा खाणीला भांडवल लागते, यंत्रे लागतात, वर्षानुवर्षे काम करणारे मजूर लागतात. त्यामुळे ग्रास व्हॅली हे तंबूंचे गाव न राहता घरांचे, दुकानांचे आणि शाळांचे गाव झाले. तेथील एम्पायर ही खाण तर १९५६ पर्यंत चालली. मुलीला शिकवून घेता येईल असे स्थिर गाव आणि मुलीच्या नाचावर सोने उधळले जाईल अशा अस्थिर वस्त्या, या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून थोड्याच दिवसांच्या वाटेवर होत्या, आणि मेरी ॲनने दोहोंचा उपयोग करून घेतला.

मेरी ॲन लिव्हसी ही इंग्रज कुटुंबातली. तिचा नवरा जॉन क्रॅबट्री न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांचा व्यवसाय करीत असे, आणि तेथेच ७ नोव्हेंबर १८४७ रोजी त्यांच्या मुलीचा, शार्लटचा, जन्म झाला. लॉटा हे तिचे घरचे नाव. जॉन सोन्याच्या शोधात पुढे निघून गेला आणि नंतर मायलेकी त्याच्या मागोमाग आल्या. जॉनच्या हाती सोने असे काही लागले नाही. १८५३ मध्ये कुटुंब ग्रास व्हॅलीत आले आणि संसाराचा भार मेरी ॲनच्या खाणावळीवर पडला. हे त्या काळातील खाणगावांत सर्रास घडत असे. पुरुष सोने शोधत भटकत आणि रोजचे नगद पैसे बायका स्वयंपाक, धुणे आणि शिवणकाम करून मिळवीत. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या संविधानाने विवाहित स्त्रीची स्वतःची मालमत्ता वेगळी मानली होती, आणि १८५२ च्या एका कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर धंदा करण्याची मुभा दिली होती. अमेरिकेच्या इतर बऱ्याच भागांत बायकोची कमाई कायद्याने नवऱ्याची ठरत असताना कॅलिफोर्नियात अशी वाट उघडी होती, ही गोष्ट मेरी ॲनसारख्या बाईची उमेद समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे.

याच सुमारास तिच्या शेजारी लोला माँटेझ राहायला आली. स्पॅनिश नाव धारण करणारी ही बाई मुळात आयर्लंडमधली एलायझा गिल्बर्ट. तिचे बालपण काही काळ हिंदुस्थानात गेले होते, आणि तिचे लष्करी वडील पाटण्याजवळच्या दिनापूर (दानापूर) येथे पटकीने वारले होते. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने तिला काउंटेस केले आणि १८४८ मध्ये त्याला गादी सोडावी लागली, त्याला जी कारणे झाली त्यांत लोलाचेही नाव होते. १८५३ मध्ये ती कॅलिफोर्नियात आली आणि १८५५ पर्यंत ग्रास व्हॅलीत राहिली. शेजारच्या चुणचुणीत मुलीला तिने नाचाचे धडे दिले, असे लॉटाचे चरित्रकार सांगतात. लोलाने या मुलीला लोहाराच्या ऐरणीवर उभे करून जमलेल्या पुरुषांसमोर नाचवले, ही गोष्टही नेहमी सांगितली जाते, पण ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. लोलाकडून लॉटाला रंगमंचावरचा धीटपणा मिळाला असेल, परंतु धीटपणावर कोणाचे घर चालत नाही. पुढचे सगळे आईने उभे केले.

ग्रास व्हॅलीतून क्रॅबट्री कुटुंब आणखी उंच डोंगरातल्या रॅबिट क्रीक या वस्तीत गेले. १८५७ मध्ये या गावाचे नाव ला पोर्ट असे झाले. हिवाळ्यात घरे बुडतील इतके बर्फ पडणारे हे ठिकाण. तेथेही मेरी ॲनने खाणावळ घातली. मार्ट टेलर नावाचा एक संगीतप्रेमी गृहस्थ तेथे दारूचा गुत्ता आणि त्याला लागून नाटक-नाचाची जागा चालवीत असे. त्याने लॉटाला आणखी नाच शिकवले आणि १८५५ च्या सुमारास याच वस्तीत तिने खाणकामगारांसमोर आपला पहिला खराखुरा कार्यक्रम केला. आयरिश पद्धतीचा हिरवा पोशाख, त्यावर जिग आणि रील हे नाच, आणि शेवटी पांढरा झगा घालून म्हटलेले एक विरहगीत, असा तो क्रम होता असे सांगतात. प्रेक्षकांनी नाणी आणि सोन्याचे खडे फेकले. यानंतर टेलर, लॉटा आणि मेरी ॲन असा हा छोटासा फड खेचरांवर बसून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत फिरू लागला. टेलर वाद्य वाजवी, मेरी ॲन लोखंडी ट्रँगलवर ताल धरी आणि मुलगी नाचे-गाई.

हे संगीत नेमके कसे होते, ते थोडे जवळून पाहू. जिग हा आयरिश नाचाचा प्रकार सहा मात्रांचा असतो आणि त्या मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत पडतात. आपल्या दादऱ्याची विभागणी ज्यांच्या कानांत आहे त्यांना हा झोका चटकन ओळखू येईल, फक्त जिगची गती पुष्कळच जलद असते. रील मात्र चार-चारच्या सरळ ठेक्यावर चालते. या दोन्ही नाचांत पायांचा आवाज हेच अर्धे वाद्य असते. बुटाची टाच आणि चवडा लाकडी फळीवर आपटून नाचणारा ताल ‘वाजवतो’, त्यामुळे मृदंगी-ढोलकीवाला नसला तरी कार्यक्रम अडत नाही. डोंगरातल्या फिरत्या फडाला हे फारच सोयीचे होते. पियानो कॅलिफोर्नियात जहाजाने येत होते, पण खेचरांच्या अरुंद वाटेने पियानो वर नेणे म्हणजे मोठाच खटाटोप. याउलट फिडल, बँजो आणि ट्रँगल खोगिराला बांधून कुठेही नेता येत. ट्रँगलचा आवाज बारीक पण टोकदार असतो आणि तो माणसांच्या गलबल्यातूनही वेगळा ऐकू येतो. मेरी ॲन ही काही नाणावलेली वादक नव्हती. तरीही लहान मुलीच्या पायाला समेवर आणून ठेवण्यासाठी ताल धरणारा हात जवळच्या माणसाचा असणे किती उपयोगाचे असते, हे ज्यांनी मुलांचे कार्यक्रम बसवले आहेत त्यांना सांगायला नको.

बँजोबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. हे वाद्य अमेरिकेत आले ते आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या स्मृतीतून. सुरुवातीचे बँजो भोपळ्याचे असत आणि त्यांना आतड्याच्या तारा लावीत. पुढे गोऱ्या कलाकारांनी हे वाद्य, त्याचे ठेके आणि कृष्णवर्णीय लोकांचे नाच उचलले आणि तोंडाला काजळी फासून त्यांची टवाळी करणारे खेळ रचले. १८४० आणि १८५० च्या दशकांत हा प्रकार अमेरिकेतील सर्वाधिक चालणारी करमणूक होती, आणि खाणवस्त्याही त्याला अपवाद नव्हत्या. लॉटाही बँजो शिकली, आणि तिच्या कार्यक्रमांत या परंपरेतले गाणे-नाचणे होते. ज्या लोकांकडून हे संगीत आले त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही आणि वर अपमान सोसावा लागला. लॉटाच्या गुणांचे मोल मानताना तिच्या शिदोरीतला हा वाटा कोणाचा होता, ते सांगितलेच पाहिजे.

आता पैशाकडे वळू, कारण मेरी ॲनची खरी कर्तबगारी तेथे दिसते. खाणवस्त्यांत नाण्यांचा तुटवडा असे आणि व्यवहार सोन्याच्या भुकटीवर चाले. एक औंस भुकटीला साधारण सोळा डॉलर मिळत. छोट्या व्यवहारासाठी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मावेल एवढी भुकटी म्हणजे एक डॉलर असा ढोबळ हिशेब चाले. साहजिकच जाड बोटांच्या दुकानदाराचा फायदा होई. अशा ठिकाणी तिकीट लावून ठरावीक रक्कम गोळा करण्यापेक्षा दौलतजादा अधिक फळे. दिवसभर गार पाण्यात उभे राहून गाळ धुणाऱ्या माणसाच्या पिशवीत संध्याकाळी भुकटी असे आणि ती खर्च करायला जुगार, दारू आणि करमणूक यांपलीकडे फारसे काही नसे. फेकलेले खडे, नाणी, क्वचित घड्याळ असे सगळे फळ्यांवर पडे. खेळ संपला की मेरी ॲन ते ॲप्रनमध्ये वेचून घेई. पुढे ॲप्रन अपुरा पडू लागला तेव्हा चामडी पिशवी आली आणि त्यानंतर प्रवासाची पेटी. नाचताना बुटांत अडकलेली भुकटीसुद्धा ती झटकून काढी, असे म्हणतात. या गोष्टी सांगताना लोक तिला हावरट ठरवतात. मला त्यात हावरटपणा दिसत नाही. ज्या वस्तीत आज पैसे देणारा माणूस उद्या दुसऱ्याच नदीवर गेलेला असायचा, तेथे उधारीला अर्थ नव्हता. बँका बुडत होत्या. १८५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील काही बड्या पेढ्यांनी दारे लावली आणि असंख्य लोकांची पुंजी गेली. अशा काळात हातातले सोने पेटीत घालून स्वतःच्या नजरेखाली ठेवणारी बाई शहाणीच म्हणायची.

याखेरीज तिचे काम किती प्रकारचे होते ते पाहावे. मुलीचे पोशाख शिवणे, गाण्यांचा क्रम ठरवणे, कोणत्या वस्तीत आयरिश जास्त आहेत आणि कोणत्या वस्तीत स्कॉटिश हे पाहून नाच बदलणे, गुत्त्यात खेळ असला तरी मुलीला मद्यपी माणसांपासून दूर ठेवणे, पोटी आणखी मुले असताना त्यांना सांभाळत हा प्रवास करणे. आज ज्याला आपण व्यवस्थापक, वेशभूषाकार, साथीदार आणि खजिनदार म्हणू त्या सगळ्या भूमिका तिच्या एकटीकडेच होत्या. खेळाचा शेवट विरहगीताने करण्याची रीतही हिशेबी होती. जलद नाचांनी माणसे रंगात येत आणि मग घरापासून हजारो मैल दूर असलेल्या, कित्येक महिने एकही मूल न पाहिलेल्या पुरुषांसमोर पांढऱ्या झग्यातली मुलगी ताटातुटीचे गाणे म्हणे. टोपीत तोंड लपवून रडणाऱ्या आणि मग पिशवी रिकामी करणाऱ्या खाणकामगारांच्या आठवणी सोन्याच्या काळातील लेखनात पुन्हा पुन्हा भेटतात. त्या माणसांना कलावंतिणी मिळत होत्या, पण घराची आठवण करून देणारे काही मिळत नव्हते. मेरी ॲनने हे नेमके ओळखले होते.

सात-आठ वर्षांच्या मुलीला रात्री-अपरात्री गुत्त्यांत नाचवणे ही बालमजुरी होती, हेही तितक्याच ठामपणे म्हटले पाहिजे. लॉटाला सलग शाळा मिळाली नाही, समवयस्क मैत्रिणी मिळाल्या नाहीत, आणि मोठेपणीही तिच्या वेळेवर आणि पैशावर आईचीच देखरेख राहिली. तिने लग्न केले नाही. मेरी ॲनची बाजू घेताना मुलीने मोजलेली ही किंमत मी वजा करू शकत नाही. संसार चालवण्याचे इतर मार्ग त्या बाईपुढे होते, खाणावळ चालूच होती. तिने अधिक मोठा डाव खेळला आणि तो मुलीच्या बालपणावर लावला.

डाव यशस्वी झाला. कुटुंब १८५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आले आणि १८५९ पर्यंत लॉटाच्या नावापुढे ‘सॅन फ्रान्सिस्कोची लाडकी’ हे बिरूद लागले. १८६४ मध्ये मायलेकी पूर्वेकडे गेल्या. १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डिकन्सच्या कादंबरीवर बेतलेल्या एका नाटकात तिने दोन भूमिका एकटीने केल्या आणि ती देशभर पोचली. त्या नाटकातही बँजो आणि नाच होतेच, म्हणजे खाणवस्तीत जमवलेला मालमसालाच आता मोठ्या शहरांत विकला जात होता. मेरी ॲनने मिळकत जमिनी, इमारती आणि रोख्यांत गुंतवली. १८७५ मध्ये लॉटाने सॅन फ्रान्सिस्को शहराला बिडाचे एक कारंजे भेट दिले. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहराचा मोठा भाग नष्ट झाला तरी ते उभे राहिले, आणि ताटातूट झालेली माणसे तेथे एकमेकांना शोधू लागली. १९१० च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लुईसा तेत्रात्सिनी ही इटालियन गायिका त्याच कारंज्यापाशी उघड्यावर, अफाट गर्दीसमोर गायली. मेरी ॲन १९०५ मध्ये वारली आणि लॉटा १९२४ मध्ये. लॉटाने मागे ठेवलेली सुमारे चाळीस लाख डॉलरची संपत्ती महायुद्धातील जखमी सैनिक, मुकी जनावरे, गरजू नट आणि शेतीचे शिक्षण घेतलेले तरुण यांच्यासाठी दान झाली. ॲप्रनमध्ये वेचलेल्या भुकटीपासून सुरू झालेला हिशेब येथपर्यंत आला होता.

मग खाणगावाला काय मिळाले, हा प्रश्न उरतो. क्रॅबट्री कुटुंब तेथे फार तर तीन-चार वर्षे होते. त्यांनी संगीतशाळा काढली नाही, वाद्यवृंद उभा केला नाही. त्यांचे देणे निराळ्या जातीचे आहे. गुत्त्यातल्या फळकुटावर का होईना, आधी बसवलेला, आरंभ आणि शेवट असलेला, बाईने चालवलेला आणि लहान मुलीलाही सुरक्षितपणे उभे राहता येईल असा कार्यक्रम या वस्त्यांनी पाहिला आणि त्यासाठी आनंदाने पैसे मोजले. अशी वाट पाडणारे ते एकटे नव्हते. १८५२ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत चिनी संगीतनाटकाची मोठी मंडळी येऊन गेली होती, आणि ग्रास व्हॅलीत इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेल्या खाणकामगारांनी आणलेली नाताळची समूहगीते आजही तेथे गायली जातात. पण कॉर्निश मंडळींचे गाणे प्रार्थनेचे आणि बिरादरीचे होते, तर चिनी मंडळी मुख्यतः आपल्याच लोकांसाठी खेळत. कोणत्याही वस्तीतल्या अनोळखी श्रोत्यापुढे उभे राहून त्याच्याकडून मोल घेणारी फिरती कला ही गोष्ट या छोट्या फडांनी डोंगरात नेली.

ग्रास व्हॅलीपासून अवघ्या चार मैलांवरच्या नेव्हाडा सिटीत १८६५ मध्ये नेव्हाडा थिएटर उघडले. नाटकगृह म्हणून बांधलेल्या कॅलिफोर्नियातील ज्या इमारती आज उभ्या आहेत त्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. त्याच परिसरातील अल्फा या खाणवस्तीत १८५९ मध्ये डॉक्टर विक्सम यांच्या घरी एमा नावाची मुलगी जन्मली. तिचे बालपण पुढे नेव्हाडा राज्यातल्या ऑस्टिन या चांदीच्या खाणगावात गेले. ती व्हिएन्नात माथिल्डे मार्केझी हिच्याकडे गाणे शिकली आणि १८८० मध्ये लंडनच्या ऑपेरात उभी राहिली. लॉटापेक्षा ती बारा वर्षांनी लहान, पण तिचा मार्ग अगदी वेगळा होता. तिला भुकटी वेचणारी आई लागली नाही, कारण तोपर्यंत खाणगावांत चर्चचे गायकवृंद, शाळा आणि नाटकगृहे आली होती आणि गाणाऱ्या मुलीला पुढे शिकायला पाठवणे ही भल्या घरांनी करायची गोष्ट झाली होती. युरोपच्या रंगमंचावर तिने आपले आडनाव सोडून जे नाव घेतले ते एमा नेव्हाडा.